बाथरूममधलं पाणी नेमकं जातं कुठे?

बाथरूममध्ये पाणी वाचवायचं कसं, असं कुणी विचारलं की मी लगेच उपाय सांगत नाही. आधी एक काम सांगते. दहा लिटरची खूण असलेली बादली घ्या, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, एकेक नळ नेहमी उघडता तेवढाच उघडा आणि बादली खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते लिहून काढा. सहाशेला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते कळतं. बेसिनच्या नळाखाली बादली बसत नाही. तिथे एक लिटरचं मापाचं भांडं धरायचं आणि साठाला भागायचं. मोजलेलं पाणी फरशी पुसायला, कपडे भिजवायला घ्यायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माप घेतल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही वर्गातली शिस्त घरीही फार उपयोगी पडली, कारण घरात प्रत्येकाचा संशय वेगळ्या ठिकाणी होता. मुलाला वाटायचं, आजी बादल्या भरून अंघोळ करते, तिचंच पाणी जास्त. नवऱ्याचं बोट जेट स्प्रेकडे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तो शॉवर बघ आधी." मोजल्यावर आमचे आकडे असे आले: बादलीचा नळ मिनिटाला २० लिटर, शॉवर १५, बेसिन १०.

सगळ्यात जोरात पाणी सोडणारा नळ बादलीचा निघाला, पण त्याला हात लावायचं काही कारण नव्हतं. पंधरा लिटरची बादली जोरात भरली काय आणि हळू भरली काय, पाणी पंधरा लिटरच लागणार. धार कमी केली तर बादली भरेपर्यंत नुसतं ताटकळत उभं राहावं लागेल. बेसिनचं आणि शॉवरचं तसं नाही. तिथे माणूस ठरावीक वेळ उभा असतो आणि तेवढा वेळ पाणी वाहतं. धार निम्मी केली की पाणी निम्मं.

बाथरूममधल्या पाण्याचे मला हे दोन प्रकार दिसतात. काही पाणी मापावर चालतं: बादली, मग, फ्लशची टाकी. काही पाणी वेळेवर चालतं: बेसिन, शॉवर, जेट स्प्रे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात, पाणी वाचत नाही. बादलीच्या नळाला एरेटर बसवलेला मी पाहिला आहे. बसवणाऱ्याची तळमळ खरी होती, पण त्या जागी त्याचा उपयोग शून्य. तोच एरेटर बेसिनला लावला असता तर पहिल्या दिवसापासून काम केलं असतं.

बेसिनचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी बारीक जाळी. ती पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरदार वाटते आणि पाणी मात्र कमी पडतं. आमच्या बेसिनला मिनिटाला सुमारे चार लिटर सोडणारा एरेटर लावला. पूर्वी दोन मिनिटं दात घासताना नळ सुरू राहिला तर वीस लिटर जायचे, म्हणजे सासूबाईंच्या अख्ख्या अंघोळीपेक्षा जास्त. आता कुणी विसरलं तरी आठ लिटर जातील. अर्थात दात घासताना नळ बंद ठेवणं हाच खरा उपाय. मुलीला मी सांगितलं नाही, दाखवलं: बेसिनमध्ये एक पातेलं ठेवलं आणि तिला नेहमीसारखे दात घासू दिले. पातेलं भरून सांडायला लागलं तेव्हा तिनं तोंडात ब्रश तसाच ठेवून नळ बंद केला. एरेटरची जाळी अधूनमधून काढून धुवावी लागते. पाणी जड असेल तर तिच्यावर पांढरा थर बसतो आणि धार वाकडीतिकडी होते. थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासलं की निघतो.

आता फ्लश. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा खर्च इथे होता आणि त्यावर कुणाचाच संशय नव्हता. शॉवर दिसतो, नळाचा आवाज येतो. फ्लशचं पाणी टाकीत झाकलेलं असतं, बटण दाबलं की दोन-तीन सेकंदांत गेलेलं असतं. ते मोजायची रीत अशी: टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करायचा, फ्लश करून टाकी रिकामी करायची आणि मापाच्या भांड्यानं आधीच्या पातळीपर्यंत पुन्हा भरायची. आमची जुनी टाकी एकाच बटणाची होती. तिच्यात दहा लिटर मावले. घरात माणसं पाच. माणशी दिवसाला पाच वेळा धरलं तर रोजचे अडीचशे लिटर. सगळ्यांच्या अंघोळीच्या बादल्या एकत्र केल्या तरी एवढं पाणी होत नाही. शिवाय त्यातल्या बहुतेक वेळी, म्हणजे लघवीनंतर, दहा लिटरचं काहीच काम नसतं.

या साध्या निरीक्षणातूनच दोन बटणांचा फ्लश आला. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी तो तयार केला. मोठ्या बटणाला ११ लिटर, छोट्याला साडेपाच. पुढे कमोडचा आकार सुधारत गेला आणि हे माप ६ आणि ३ लिटरपर्यंत उतरलं. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं १९९४ पासून नव्या घरगुती कमोडसाठी फ्लशला सुमारे ६ लिटरची कमाल मर्यादा घातली. त्याआधी तिथे १३ लिटर आणि त्याहूनही मोठे फ्लश सर्रास होते. सुरुवातीचे कमी पाण्याचे कमोड नीट साफ होत नव्हते, लोक दोनदा फ्लश करायचे आणि बचत तिथेच संपायची. म्हणून २००३ पासून उत्तर अमेरिकेत कमोडची वेगळी परीक्षा घ्यायला सुरुवात झाली. त्यात सोयाबीनचा लगदा ठरावीक वजनात कमोडमध्ये टाकतात आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून जातो ते मोजतात. परीक्षेची ही कल्पना मला फार आवडते. कमी पाण्यात काम होतं का, एवढाच प्रश्न विचारायचा आणि तो प्रत्यक्ष करून बघायचा.

यातून घरी शिकण्यासारखं एक आहे. टाकी आणि कमोडचं भांडं ही जोडी असते. जुनं भांडं दहा लिटरच्या हिशेबानं बनवलेलं असेल तर त्याला सहा लिटरची टाकी जोडून भागेलच असं नाही. पाण्याला पुरेसा वेग मिळाला नाही तर भांड्याच्या वळणातला सायफन, म्हणजे सगळं एकदम खेचून नेणारी ओढ, लागत नाही आणि घाण मागे राहते. पाणी कमी मावावं म्हणून टाकीत वीट टाकायचा सल्ला पूर्वीपासून ऐकू येतो, तो मात्र कुणी पाळू नये. वीट पाण्यात झिजते, तिचा चुरा तळाच्या रबरी सीलखाली जातो आणि टाकी गळायला लागते. फारच वाटलं तर झाकण घट्ट लावलेली, पाण्यानं भरलेली बाटली ठेवावी, तीही आतल्या कुठल्याच हलत्या भागाला अडणार नाही अशी. त्याहून बरा मार्ग म्हणजे फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, थोडा खाली घेणं. बहुतेक टाक्यांत त्यासाठी एक स्क्रू किंवा सरकणारी क्लिप असते. आम्ही पातळी थोडी थोडी खाली आणत गेलो आणि आठ लिटरला थांबलो, कारण त्याखाली भांडं एका दमात साफ होईना. नंतर कमोड बदलायची वेळ आली तेव्हा भांडं आणि टाकी एकत्र घेतली, ६ आणि ३ लिटरची. त्याच पाच वेळांचा हिशेब, एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं: माणशी १८ लिटर, पाच जणांचे ९०. अडीचशेचे नव्वद झाले, आणि यासाठी कुणाला एकही सवय मोडावी लागली नाही. छोटं बटण कुठलं ते पाहुण्यांना कळावं म्हणून मुलीनं त्यावर थेंबाचं स्टिकर लावलं, एवढीच भर.

पण नवी टाकी घेण्याआधी जुनी गळते का ते बघा. फ्लशची गळती भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पदरासारखी उतरते. आवाज नाही, थेंब नाही. अशी बिघडलेली टाकी दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवू शकते. तपासायला खाण्याचा रंग पुरतो. रात्री सगळे झोपले की टाकीत रंगाचे थोडे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं फ्लश करायचा नाही आणि मग भांड्यात डोकवायचं. भांड्यात रंग उतरला असेल तर सील गळतंय. बघून झालं की फ्लश करून टाकायचा, म्हणजे डाग राहत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या प्लंबरकाकांनी मला यापुढची पायरी शिकवली. रंग उतरला हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, नुसता रंग बघून सुटा भाग आणायला जाऊ नका. कॉक बंद करा, टाकीत आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारा आणि अर्ध्या तासानं बघा." कॉक बंद असताना पाणी रेघेच्या खाली गेलं तर तळाचं सील खराब आहे. पाणी रेघेवरच थांबलं, तर सील ठीक आहे. पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या नळीतून जात होतं, म्हणजे भरणारा वॉल्व्ह पाणी वेळेवर बंद करत नाही किंवा फ्लोट फार वर बसवला आहे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर खाली हवी. बऱ्याचदा सील बदलायचीही गरज पडत नाही. त्याच्यावर क्षाराचा थर बसलेला असतो. काढून पुसलं, उलटसुलट तपासलं आणि परत बसवलं की गळती थांबते. काकांनी आमचं तसंच केलं आणि नवा भाग विकला नाही. अशा माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

ठिबकणाऱ्या नळाचं गणित त्या मानानं उघड्यावरचं आहे. सेकंदाला एक थेंब, आणि थेंब साधारण पाव मिलीलीटरचा धरला, तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातं. मी हे आठवीच्या वर्गात फळ्यावर करून घेते आणि मुलं घरी जाऊन नळाखाली मग ठेवून तपासतात. जुन्या आट्यांच्या नळात आत वायसर असतो, तो झिजला की नळ ठिबकतो. मग घरातले सगळे नळ जास्त जोरात आवळायला लागतात. त्यानं वायसर आणखी चिरडतो आणि वायसर ज्यावर बसतो ती धातूची बैठकही खराब होते. वायसर बदलणं सोपं काम आहे: मुख्य कॉक बंद करायचा, डोकं उघडायचं, वायसर काढायचा, त्याच मापाचा नवा घालायचा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यात बारीक खडा अडकला तर चरा पडतो आणि मग अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. जेट स्प्रेचा अँगल कॉक वापर झाला की बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकानं लावून घ्यावी. नाहीतर त्या लवचिक नळीवर दिवसरात्र दाब राहतो आणि एक दिवस ती फुटते, बहुधा घरात कुणी नसताना.

शॉवरवर आमच्याकडे खरी चर्चा झाली. मुलगा कॉलेजात जातो, त्याला शॉवर हवा. सासूबाईंची बादली आणि मग. त्या म्हणाल्या, "माझी बादली कधी दीड झालेली बघितलीस का?" बघितली नव्हती. बादली संपली की अंघोळ संपते, तिचं माप डोळ्यांसमोर असतं. शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाला किती पाणी गेलं हे कळायला काहीच मार्ग नाही. मिनिटाला १५ लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं म्हणजे १२० लिटर. हे ऐकल्यावर मुलानं स्वतःच विचारलं, "मग मी बादलीच घ्यायची का?" तर तसंही नाही. मिनिटाला सात लिटरचा शॉवर तीन मिनिटं घेतला तर २१ लिटर होतात, बादलीच्या जवळपास. धार आणि वेळ, दोन्ही आटोक्यात आणली तर शॉवरनंही भागतं.

धारेसाठी शॉवरचं डोकं बदललं. मिनिटाला सात-साडेसात लिटरची चांगली डोकी मिळतात. त्यातल्या बऱ्याच डोक्यांत रबराचं कडं असलेली चकती असते. दाब वाढला की कडं दबून वाट अरुंद करतं, त्यामुळे धार साधारण सारखी राहते. वेळेसाठी मुलानं स्वतःच एक गाणं ठरवलं: गाणं संपलं की शॉवर बंद. गाणं साधारण चार मिनिटांचं आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या आग्नेय भागात दुष्काळ फार वाढला तेव्हा माणशी दिवसाला १४० लिटरचं लक्ष्य ठेवलं होतं आणि घराघरांत चार मिनिटांची वाळूची घड्याळं दिली होती, बाथरूमच्या भिंतीला चिकटवायला. लोकांनी ते लक्ष्य गाठून दाखवलं. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यांच्याकडे घड्याळ होतं, माझ्याकडे गाणं आहे. साबण लावताना पाणी बंद करायचं, हे त्यानं आपणहून सुरू केलं. गार आणि गरम अशा दोन वेगळ्या चाव्या असतील तर ते जमत नाही, कारण पुन्हा उघडताना हवं तसं कोमट पाणी जुळवेपर्यंत तेवढंच वाहून जातं. त्यासाठी शॉवरच्या डोक्याआधी एक छोटा बंद-चालू कॉक बसवता येतो. चाव्या आहेत तशाच ठेवून फक्त तो फिरवायचा.

इथे एक सावधगिरी. कमी पाण्याचं डोकं घ्यायच्या आधी घरात दाब किती आहे ते बघा. गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उताराने पाणी येत असेल तर दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार एवढाच दाब मिळतो. टाकी शॉवरच्या वर तीन मीटर असेल तर ०.३ बार. माझी बहीण वरच्या मजल्यावर राहते, तिनं आमचं बघून तसंच डोकं बसवलं. "ताई, डोक्यावरचा शांपूच निघेना," म्हणून तिचा फोन आला. कमी दाबाच्या घरात मुळात धारच कमी असते, तिथे बचत वेळेत करायची. कमी दाबासाठी बनवलेलं डोकं वेगळं मागावं लागतं. आणि काही गॅस गिझर ठरावीक धारेखाली पेटतच नाहीत. तुमच्याकडे तो असेल तर त्याची किमान धार बघूनच डोकं निवडा.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते गरम पाणी येईपर्यंत सोडून दिलेलं गार पाणी. ते स्वच्छ असतं, त्याला साबण लागलेला नसतो, कुणी वापरलेलं नसतं. गिझरपासून शॉवरपर्यंतच्या नळीत जेवढं पाणी मावतं तेवढं आधी बाहेर पडणारच. आतून १५ मिलीमीटरच्या नळीत मीटरला सुमारे १८० मिलीलीटर पाणी मावतं, २० मिलीमीटरच्या नळीत सुमारे ३१०, तर २५ मिलीमीटरच्या नळीत जवळपास अर्धा लिटर. म्हणजे दहा मीटरच्या वाटेवर जाड नळी टाकली असेल तर दर वेळी पाच लिटर. त्यातून नळी स्वतः तापायला आणखी थोडं जातं. आमच्याकडे ही वाट लांब आहे. शॉवरखाली ते पाणी बादलीत धरतो आणि तीच बादली कपडे भिजवायला किंवा फ्लशऐवजी ओतायला जाते. सकाळच्या अंघोळी लागोपाठ ठेवल्या की पहिल्या माणसानंतर नळी गरमच असते, दुसऱ्याला थांबावं लागत नाही. एका दांडीच्या मिक्सरची दांडी मधोमध ठेवली तर हात धुताना दर वेळी थोडं गरम पाणी ओढलं जातं. ते नळीतच निवतं, नळापर्यंत पोचतही नाही. दांडी गार बाजूला फिरवून ठेवली की वीजही वाचते.

अंघोळीचं साबणाचं पाणी फ्लशला वापरायचं असेल तर ते टाकीत भरू नका. टाकीतले भाग खराब होतात आणि वास मारतो. बादलीनं थेट भांड्यात, थोड्या उंचीवरून, एका दमात ओतायचं. पाच-सहा लिटर जोरात गेले की सायफन लागतो. थेंबथेंब ओतलं तर दोन बादल्या ओतूनही काही होत नाही. आणि हे पाणी त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत ते कुजायला लागतं.

२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात धरणं इतकी आटली, की १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. नळ बंद करायचा दिवस जवळ आला होता, तो लोकांनी पाणी कमी वापरल्यानं आणि पुढे पाऊस झाल्यानं टळला. तो आकडा मी आमच्या बाथरूमला लावून बघितला. अंघोळीचे १५, फ्लशचे १८, हात-तोंड धुण्याचे पाच. झाले ३८. उरलेल्या बारा लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे. अशक्य. म्हणून तिथे लोक टबात उभे राहून अंघोळ करायचे आणि तेच पाणी कमोडमध्ये ओतायचे. तो अठराचा आकडा तसाच खूप खाली येतो. आपल्यावर अशी वेळ नसतानाही आधी कुठे हात घालायचा हे या हिशेबावरून दिसतं.

आमच्या घरात काही ठिकाणी पाणी मोजायचं नाही असं ठरलेलं आहे. शौचानंतर आणि जेवणाआधी हात धुणं. साबण चोळताना नळ बंद, पण चोळायचं वीस सेकंद आणि धुवायचं भरपूर. आजारी माणूस, लहान मूल, पाळीचे दिवस, तिथे हिशेब नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात तेव्हा त्यांना गरम पाण्याची जास्तीची बादली लागते, ती मी स्वतः भरून ठेवते. पाणी वाचवायच्या नादात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाथरूममध्ये चोरट्यासारखं वागावं लागत असेल तर ती बचत मला नको. आणि बाथरूम कोरडंठाक ठेवायच्या भरात न्हाणी ट्रॅप विसरू नका. जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात जे थोडं पाणी साठतं, तेच गटाराचा वास आणि किडे अडवतं. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये कमोडसाठी वळणदार नळीचं पेटंट घेतलं, त्यामागेही हेच तत्त्व होतं: वळणात अडकलेलं पाणी गटाराचा वायू वर येऊ देत नाही. पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसेल तर अधूनमधून त्या जाळीत मगभर पाणी ओतावं. ते वाया गेलेलं पाणी नव्हे.

आता आमच्याकडे उरलंय ते नळीचं काम. गरम पाण्याची नळी भिंतीत गेलेली आहे, जाड आहे आणि तिला कसलंही आवरण नाही. फरशा फोडल्याशिवाय ती बदलता येत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी फरशा फोडणं मला पटत नाही. पण तुम्ही नवं बाथरूम बांधत असाल किंवा जुनं काढत असाल, तर फरशीचा रंग निवडायच्या आधी प्लंबरजवळ बसून तीन गोष्टी ठरवा: गिझर शॉवरच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, एका बाथरूमच्या गरम पाण्याला लागते त्याहून जाड नळी टाकू देऊ नका आणि भिंत बुजवायच्या आधी नळीवर फोमचं आवरण चढवून घ्या. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक हात पोचेल अशा जागी बसवायलाही तेव्हाच सांगा. नंतर पेन्सिलीची रेघ मारायची असेल तेव्हा तो सहज बंद करता आला पाहिजे.